छान वाजतंय

खालच्या खोलीत स्टूल सरकलं.

दुपारची वेळ. बाळ नुकतंच झोपलेलं, रस्ता सुस्तावलेला, नळसुद्धा गप्प. अशा वेळी एवढासा आवाजही अंगावर येतो. लाकडी पाय फरशीवरून ओढत नेल्यासारखा, कर्रर. मी हेडफोन एका कानावरून उचलला. बाळाने पाय झाडले, झोपेतच ओठ चोखले आणि पुन्हा मूठ मिटली. मी श्वास सोडला आणि कामाला लागले.

काम म्हणजे लोकांची हृदयं ऐकणं. मी ज्या हॉस्पिटलात नोकरी करते, त्यांनी लहान लहान दवाखान्यांना नव्या तऱ्हेचा स्टेथोस्कोप दिला आहे. छातीवर टेकवला की आत जे वाजतं ते फोनमध्ये उतरतं आणि फोनमधून आमच्याकडे येतं. आमच्याकडचा प्रोग्रॅम ते ऐकून हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका देतो. हिरव्यांना कुणी विचारत नाही. लाल थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जातात. पिवळ्यांचं काही यंत्राला नक्की सांगता येत नाही, ते माणसाने ऐकायचे. तो माणूस म्हणजे मी. बाळ झोपलं की मी घरी बसून पिवळी माणसं ऐकते. नवरा जहाजावर असतो, त्याचा फोन लागला तर लागला. तो म्हणतो, "मी एकीच्या हृदयात शिरायला इतकी वर्षं घालवली, तू बसल्या जागी रोज ढिगाने शिरतेस."

त्यातलंच एक यंत्र मी बाबांनाही आणून दिलं होतं. बाबा डॉक्टर. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो आणि खालच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना, मी जन्मायच्या आधीपासूनचा. यंत्र देऊन महिने झाले, पण त्यांच्याकडून एकही आवाज आमच्या पडद्यावर उतरला नव्हता. हॉस्पिटलातल्या आमच्या मॅडमचा सकाळीच फोन येऊन गेला होता.

"तुमच्या वडिलांकडून काहीच येत नाही. यंत्र बंद आहे की डॉक्टर?"

मी हसून वेळ मारून नेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्यांना कळव, यंत्राची तब्येत ठणठणीत आहे. मी रोज फडक्याने पुसतो."

खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरीच पाल चुकचुकत होती. बाबांना ऐकू कमी येतंय का? बाळ हाताच्या अंतरावर टाहो फोडत असायचं आणि बाबा पेपराचं पान उलटायचे. मी धावत आले की म्हणायचे, "पोरं रडायचीच. लगेच उचललं की सवय लागते." दाराची बेल वाजवून वाजवून माणूस परत जायचा. "बेलच मेली आहे," असं म्हणून त्यांनी बेल बदलली. नवी बेलही त्यांच्या लेखी मेलेलीच निघाली. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर तयार आणि ते इतकं ठाम, की मीच मनातल्या मनात माफी मागायची. आणि पेशंट तर बरे होत होते. ज्याला हॉस्पिटलात धाडलं, त्याचं तिथे खरोखरच काहीतरी निघत होतं. ऐकू येत नसतं तर हे कसं जमलं असतं? मी स्वतःला हे विचारायची आणि गप्प बसायची. पण चैन म्हणून पडत नव्हतं.

मॅडमचा पुन्हा मेसेज आला, "आज तरी?" बाळ गाढ होतं. मी अनवाणीच जिना उतरले.

जिन्यातूनच किल्लीवाल्या काकांचा आवाज ऐकू आला. समोर त्यांचं किल्ल्या करायचं दुकान, एवढंसं, म्हणजे काका आत गेले की गिऱ्हाईक बाहेर.

"शटर वर ढकललं की अंधारी येते, डॉक्टर. मला वाटलं शटरच जड झालंय. तेल घातलं. तरी येते ती येतेच."

"शटरला तेल घातलंत. स्वतःला काय घातलंत?" बाबा म्हणाले. पडद्याच्या फटीतून दिसलं, काका त्यांच्या समोर बसून, मान वर करून बोलत होते. बाबांची खुर्ची हल्ली पेशंटच्या अगदी समोर असते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

"काही घाला, पण सुई नको. दिवसभर लोखंड घासतो, ठिणग्या उडतात, त्याचं काही वाटत नाही. सुई दिसली की माझे पाय पाणी पाणी होतात."

मी फट जरा रुंद केली आणि तिथेच थांबले.

स्टुलावर भिंगरी उभी होती. माझी थोरली. शाळेत दुसरं नाव आहे, पण पाय कधी जमिनीला टिकले नाहीत म्हणून घरात भिंगरीच. बाबांच्या जुन्या स्टेथोस्कोपची टोकं तिच्या कानांत होती. दुसरं टोक बाबांनी काकांच्या छातीवर धरलं होतं. काका हसू दाबत श्वास रोखून बसलेले, जणू फोटोच काढतायत.

"बोला डॉक्टरीणबाई," बाबा म्हणाले. "काय वाजतंय?"

भिंगरीने डोळे मिटले. पुन्हा उघडले. काकांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"छान वाजतंय," ती म्हणाली. "ढब-ढब, ढब-ढब."

"बघा!" काका खुशीत आले. "मोठ्या डॉक्टरांनी पास केलं. आता छोट्या डॉक्टरांचं काय म्हणणं?"

मला हसू यायला हवं होतं. कुणालाही आलं असतं. पण माझी नजर बाबांवर होती. ते हसत नव्हते. ते भिंगरीच्या ओठांकडे पाहत होते, एकटक, भुकेल्या माणसाने ताटाकडे पाहावं तसे. ती "छान" म्हणाली तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले. आता ते नळ्या स्वतःच्या कानांत घालतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी स्टेथोस्कोप तिच्या कानांतून काढला, घडी केली आणि गळ्यात अडकवला.

"दगदग कमी करा. उपाशीपोटी शटर उघडू नका," ते म्हणाले. "या आता."

मी आल्या पावली वर गेले. यंत्राचं विचारायचं राहूनच गेलं.

* * *

भिंगरी वर आली ती विस्कटलेल्या वेण्या घेऊन. मी तिला पुढ्यात बसवलं आणि कंगवा घेतला. समोरासमोर विचारलं की ती पळते, वेणी घालताना केस माझ्या हातात असतात.

"आजोबांकडे तू रोज ऐकतेस?"

"रोज नाही. छातीवाले आले की. गुडघेवाले आले की मला बोलवत नाहीत." तिने हे जरा नाराजीनेच सांगितलं.

"आधी आजोबा ऐकतात की तू?"

"मीच. आजोबा लिहितात. ते म्हणतात, तुझे कान कोरे करकरीत आहेत." ती खुशीत हलली. "मी ढब-ढब म्हणाले की घरी जायचं. ढब-फूस म्हणाले की आजोबा विचारतात, फूस कसं, शिट्टीसारखं की केरसुणीसारखं? मग त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवतात."

माझा हात कंगव्यासकट थांबला. म्हणजे इतके दिवस धाडलेले सगळे हिच्या कानांवर धाडलेले. आणि सगळ्यांचं काही ना काही निघालेलं. मला एकीकडे तिची पापी घ्यावीशी वाटत होती आणि दुसरीकडे तिचे कान झाकून घ्यावेसे.

"किल्लीवाल्या काकांचंही छान होतं आज?"

ती रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"भिंगरे?"

"ढब-फूस होतं," ती हळूच म्हणाली. "शिट्टीसारखं. मागच्या वेळी पण तसंच होतं."

"मग तू छान का म्हणालीस?"

"त्यांना सुई नको होती ना." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हे कसं कळत नाही हिला, अशा नजरेने. "मोठ्या दवाखान्यात सुया असतात. तूच तर सांगितलंस बाळाच्या वेळी. बाकीच्या कुणाला भीती नाही वाटत, त्यांचं मी खरं सांगते. काकांना वाटते, म्हणून त्यांचं छान."

अर्धी वेणी तशीच सोडून मी उठले. बाळ जागं झालं होतं, त्याला कडेवर घेतलं. भिंगरी मागोमाग आली. "आई, माझी वेणी! आई, तू रागावलीस?"

रागावले नव्हते. काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं. शटर वर ढकलताना येणारी अंधारी आणि शिट्टीसारखा आवाज या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्याकडे त्या माणसाला वाट पाहायला लावत नाहीत. जिना उतरताना मला खिडकीतून समोरचं दुकान दिसलं. काका उकिडवे बसून काहीतरी घासत होते. अजून आहेत, असं माझ्या मनात आलं आणि त्या "अजून"नेच मला पुढे ढकललं.

बाबा पाठमोरे होते, औषधांचं कपाट लावत होते.

"बाबा."

बाटली उचलली, पुसली, ठेवली.

"बाबा!"

दुसरी बाटली. कडेवरच्या बाळाने किंकाळी फोडली. बाबांनी तिसरी बाटली उजेडात धरून तारीख वाचली. मी तिथे उभी राहिले आणि मला इतके दिवस जे विचारायचं होतं ते विचारायची गरजच उरली नाही. मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले.

"केव्हा आलीस?" ते दचकून म्हणाले.

"बाबा, किल्लीवाल्या काकांचं छान नव्हतं. भिंगरीने तुम्हाला खोटं सांगितलं. त्यांना सुईची भीती वाटते म्हणून."

त्यांनी माझे ओठ वाचले, सगळे शब्द. चेहरा आधी लाल झाला.

"काहीतरीच! एवढ्याशा पोरीचं काय ऐकतेस तू?"

"मी नाही, बाबा. तुम्ही ऐकता."

मला ते इतकं धारदार बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. बाबांनी बाटली ठेवली. खुर्ची जवळच होती, पण ते भिंगरीच्या स्टुलावर बसले. ठेंगण्या स्टुलावर त्यांचे गुडघे वर आले आणि माझे बाबा एकदम म्हातारे दिसले.

"मनगट धरलं तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. "नाडी वर चढायला वेळ लावत होती, दमलेला माणूस जिना चढतो तशी. मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. पण ही छान म्हणाली आणि..." त्यांनी दाराशी उभ्या भिंगरीकडे पाहिलं, अर्धी वेणी घातलेल्या. "मला बरं वाटलं गं."

"कानातलं मशीन का नाही घेतलंत?"

"कानात मशीन असलेल्या डॉक्टरपुढे छाती कोण उघडी करेल?"

बोलता बोलता ते उठले. टेबलाचा खण ओढला आणि तळातून यंत्र काढलं, खरोखर लख्ख पुसलेलं.

"हे कसं चालतं ते दाखव," ते म्हणाले. "नको, किल्लीवाल्यांकडे जाता जाता दाखव. चल."

* * *

आमची वरात रस्ता ओलांडून गेली. बाबा पुढे, मी बाळाला घेऊन, भिंगरी माझी ओढणी धरून. काकांनी मशीन थांबवलं.

"काय डॉक्टर, सगळं घर? कुलूप लागून बाहेर अडकलात की काय?"

"शर्ट काढा," बाबा म्हणाले.

"इथे? भर बाजारात?"

"तुमच्याकडे कोण बघतंय, किल्लीवाले? काढा."

मी यंत्र टेकवलं. फोनच्या पडद्यावर रेघ थरथरली आणि अक्षरं आली, आसपास आवाज फार आहे, पुन्हा घ्या. शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच.

"तुमचं मशीन लाजतंय, ताई," काका म्हणाले. "थांबा, शटर ओढून घेतो." आणि त्यांनी हात वर नेला.

"नको!" बाबा आणि मी एकदमच ओरडलो. भिंगरीही ओरडली. काका हात तसाच धरून आमच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू, एकेक दिवा मालवावा तसं, गेलं.

बाबांनी शटर स्वतः अर्धं ओढलं. मी पुन्हा टेकवलं. या वेळी रेघ नीट उमटली. हेडफोनमध्ये मला ऐकू आलं, ढब-फूस, ढब-फूस, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसं. शिट्टीसारखं. भिंगरीचा शब्द अगदी बरोबर होता. ठिपका थोडा वेळ फिरत राहिला आणि लाल झाला.

"मला दे," बाबा म्हणाले.

मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले आणि आवाज वाढवत नेला. जिथे माझे कान फुटले असते त्याच्याही पुढे. मध्येच त्यांनी हात वर करून थांबवलं. डोळे मिटले. ओठ घट्ट झाले, मग सुटले.

"डब्यातून आल्यासारखा येतोय," ते म्हणाले. आणि मग, "पण येतोय."

ते ऐकतच राहिले. निदानाला एवढं ऐकावं लागत नाही. काका उघड्या छातीने बसून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते.

बाबांनी हेडफोन उतरवले. "किल्लीवाले, दुपारी मी तुम्हाला जा म्हणालो, ते ऐकून म्हणालो नव्हतो. मला ऐकू येत नाही. तुमच्या हृदयाची झडप आखडली आहे. आजच्या आज जायचं."

पलीकडचं पत्रा ठोकणं थांबलं होतं. भिंगरीने माझी ओढणी तोंडावर घेतली.

"ऐकू येत नाही," काका म्हणाले. "मग सांगायचंत ना डॉक्टर. मी मोठ्याने बोललो असतो."

बाबांना ते कळलं, कारण काका त्यांच्या समोर होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"सुई असणार का?" काकांनी विचारलं. या वेळी गंमत नव्हती.

"सुई नाही. सुया," बाबा म्हणाले. "खोटं सांगत नाही."

आमच्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई तोवर फोनवर आल्या होत्या, एवढ्याशा चौकोनात, मागे पांढरी भिंत. त्यांनी आवाज ऐकला, रेघ पाहिली, काकांना दोन-चार प्रश्न विचारले आणि पलंग राखून ठेवला. काका म्हणाले, "हिच्या हातात सुई दिसत नाही, ही चांगली आहे." गाडी आली. चढताना त्यांनी वळून भिंगरीला शोधलं. ती माझ्या पाठीमागे होती. "डॉक्टरीणबाई, तुम्ही पास केलं होतं की मला!" ते म्हणाले. ती पुढे आलीच नाही.

* * *

आता बाबांच्या दवाखान्यातून रोज आवाज येतात. आमच्या मॅडम खूश आहेत, सगळ्या नव्या दवाखान्यांना बाबांचं उदाहरण देतात. बाबा कानातलं मशीनही घ्यायला तयार झाले, मापं देऊन आले. जुन्या छातीवाल्या पेशंटना त्यांनी स्वतः फोन करून परत बोलावलं, म्हणजे फोन मी लावले आणि पलीकडचं बोलणं त्यांना ओठांनी सांगितलं. काही आले. काही म्हणाले, बघू. काही आता चौकातल्या नव्या डॉक्टरांकडे जातात, रस्त्यात भेटले की बाबांशी फार मोठ्याने बोलतात आणि लवकर निघून जातात.

बाबा त्याबद्दल काही म्हणत नाहीत. प्रत्येकाच्या छातीवर यंत्र टेकवतात, पडद्याकडे पाहतात, डोळे मिटून ऐकतात. ठिपका हिरवा आला तरी मनगट धरून बसतात. भिंगरी आली की "जा, वर खेळ," म्हणतात, तिच्याकडे न पाहता. तिच्यावर रागावलेत असं नाही. रागावणार कुठल्या तोंडाने? मला वाटतं, तिच्याकडे पाहिलं की आपण तिच्या एवढ्याशा कानांवर काय काय लादलं, ते त्यांना दिसतं. मी एकदा बोलून पाहिलं. त्यांनी ओठ वाचले नाहीत. मान फिरवली.

समोरचं शटर अजून बंद आहे. झडप बदलायची आहे, पण त्याआधी आणखी तपासण्या, म्हणजे आणखी सुया. मी दिवसातून कितीदा खिडकीशी जाते, बाळाला दूध पाजतानासुद्धा मान तिकडेच. दुपारी पिवळी माणसं ऐकायला बसते आणि लक्ष लागत नाही. प्रत्येक फुसफुशीत आवाजाला वाटतं, हाच माणूस कुणाला तरी म्हणाला असेल, सुई नको.

आजही बाळ झोपलं, नळ गप्प झाला, मी हेडफोन चढवले. आणि स्टूल सरकलं. या वेळी खाली नाही. जिन्यावर. पायरी, धप्प, थोडी विश्रांती, पुन्हा पायरी. भिंगरी दवाखान्यातलं स्टूल छातीशी कवटाळून वर आणत होती, लालबुंद होऊन. मी ओठांवर बोट ठेवलं, बाळाकडे दाखवलं. तिने मान डोलावली, स्टूल माझ्या खुर्चीला लावलं आणि वर चढली, दवाखान्यात चढायची तशीच.

मग माझ्या एका कानावरचा हेडफोन तिने दोन बोटांनी अलगद उचलला आणि तोंड माझ्या कानाला लावलं.

"आई," ती कुजबुजली, "आजोबा आता मला का विचारत नाहीत, काय वाजतंय ते?"